पाल्मामध्ये उद्या कुठे जेवायचं

पाल्मा शहर मी पाहिलेलं नाही. तरी तिथल्या कुठल्या खाणावळीत नुसत्या भाजीचं ताट मिळतं आणि कुठे मसुराच्या सूपमध्येही डुकराच्या मांसाचा तुकडा पडतो, हे मला टेक्सासमधल्या फ्रिस्कोत बसून सांगता येतं. ऑफिसचं काम मी घरूनच करते. त्या दिवसांत एका स्क्रीनवर काम असायचं आणि दुसऱ्या स्क्रीनवर पाल्माचा नकाशा.

मुलगी कॉलेजच्या एका सेमिस्टरसाठी पाल्माला, त्या स्पॅनिश बेटावर गेली होती. तिथे गेल्यावर तिने आधी क्लासला जाणं सोडलं, मग खोलीबाहेर पडणं, मग जेवणं. व्हिडिओ कॉलवर गळ्याची हाडं दिसायला लागली. 'परत ये' म्हटलं की ती फोन ठेवायची. कॉलेजच्या समुपदेशकाने पुढच्या आठवड्यातली वेळ दिली होती. तिचा पासपोर्ट अमेरिकन, आम्हा दोघांचे भारतीय, आणि स्पेनच्या व्हिसाची अपॉइंटमेंटच मिळत नव्हती. नवरा सारखा ती वेबसाइट उघडून बघायचा. मला नुसतं बघत बसणं जमत नाही. दिवसातून एकदा तरी तिच्या पोटात काही जावं, एवढं काम मी अंगावर घेतलं.

आधी हॉटेलांच्या लिंक पाठवल्या. ती उत्तरादाखल अंगठ्याचा इमोजी पाठवायची आणि जायची नाही. मग एका बेकरीचा पत्ता पाठवला. पिठीसाखर भुरभुरलेला गोल गुंडाळलेला गोड पाव ही तिथली खासियत. ती खरंच गेली आणि रिकाम्या हाताने परत आली.

"आई, त्यात लार्ड असतं. डुकराची चरबी. यू डिडन्ट चेक?"

नव्हतं केलं. त्यानंतर ती पुन्हा अंथरुणातून उठेना.

आमच्या घरात पानात टाकलेलं चालत नाही. लहानपणी कारल्याची भाजीसुद्धा तिने रडत रडत संपवलेली आहे. ती स्वतःहून काही मागवणार नाही, पण समोर वाढलेलं टाकणारही नाही, असा माझा हिशेब होता. बाजारामागच्या एका छोट्या खाणावळीला मी फोन लावला. टेक्सासमध्ये राहून येतं तेवढ्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये मालकीणबाईंना सांगितलं, मुलगी आजारी आहे, मांस-मासे खात नाही, तिला मेनू देऊ नका, काही विचारू नका, सरळ वाढा.

"अंडं?"

"चालतं."

"आज येऊ दे."

मुलीला म्हटलं, "साडेसहाला जा. मी त्यांना शब्द दिलाय." शब्द दिलाय म्हटल्यावर ती उठली. साडेसहा ही आमच्या घरची जेवणाची वेळ. तिकडे काय वेळ असते, हे विचारायचं मला सुचलंही नाही.

आमच्याकडे दुपार व्हायची होती आणि माझी मीटिंग चालू होती. मुलीचा व्हिडिओ कॉल आला. मागे अर्धं शटर पडलेलं.

"आई, बंद आहे. ते साडेआठला उघडतात. मी जाते."

"तिथेच थांब."

"यार आई, दोन तास? मला उभं राहवत नाहीये."

"मग पायरीवर बस. पण उठू नकोस."

ती आता खोलीवर गेली तर पुन्हा बाहेर पडणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं. मीटिंगमध्ये कोणीतरी मला प्रश्न विचारत होतं. मी लॅपटॉप मिटला आणि नवऱ्याच्या फोनवरून खाणावळीला फोन लावला. बराच वेळ रिंग वाजली. अखेर बाईंनी उचलला. मी म्हटलं, ती तुमच्या दाराशी बसलीय. त्या काहीतरी पुटपुटल्या, मग माझ्या फोनवरच्या व्हिडिओ कॉलमधून शटर वर गेल्याचा आवाज आला.

आत त्यांची माणसं कामाआधी जेवत होती. त्यांच्यातच एक खुर्ची सरकवून मुलीला बसवलं. ताटात वांगी, बटाटे, भोपळी मिरची, वर टोमॅटोचा रस. तिने फोन पाण्याच्या जगला टेकवला.

"आई, वांगं आहे."

"दिसतंय."

"मला नाही जाणार."

"पानात टाकायचं नाही."

"आय नो."

ती रडत होती आणि खात होती. शेजारचा माणूस तिच्याकडे न बघता पाव तिच्या बाजूला सरकवत होता. नवरा माझ्या मागे उभा होता. बाईंनी आणखी वाढायला डाव पुढे केला तेव्हा तिने ताटावर आडवा हात धरला, घरी धरते तसाच. बाईंना तेवढं कळलं.

ताट पुसून झाल्यावर तिने विचारलं, "उद्या इथेच?"

बाईंना विचार म्हटलं. उद्या त्यांची सुट्टी होती.

"मग उद्या कुठे, आई?"

"बघते," मी म्हटलं आणि लॅपटॉप उघडला. पहिल्या तीन ठिकाणांनाही उद्या सुट्टीच होती.