तारमास्तरांचं मलम

कारखान्यात सगळे त्यांना तारमास्तर म्हणत. व्हिनाइल ईथर नावाचा, पाण्यासारखा पातळ आणि डोकं भणभणवणारा द्रव घेऊन त्याचं मधासारखं दाट मलम करायचं, हे त्यांचं सव्वीस वर्षांचं काम. बंद टाकीतल्या द्रवात दुसरं एक जहाल रसायन थेंब थेंब सोडायचं. टाकी आपली आपणच तापू लागते. घाई केली की हाताबाहेर जाते आणि आत पाणी शिरलं की अख्खा घाणा वाया. शेवटी उरलासुरला वास ओढून काढला, की मास्तर काचेची कांडी बुडवून वर उचलत. हातभर लांब तार निघाली तर घाणा पास. प्रयोगशाळेतली यंत्रं तासाभरानं तेच सांगत आणि मास्तर मिशीत हसत.

हे मलम पाण्यानं धुऊन जात नाही, जखमेवर पापुद्रा धरतं. मास्तरांच्या घरी कापलं, भाजलं, खरचटलं, सगळ्याला तेच. त्यामुळे चपलेनं बायकोच्या टाचेला फोड आला, तेव्हा दवाखान्याचा विषयच निघाला नाही. तिला शुगर होती. डॉक्टरांना दाखवा, असं मुलीनं फोनवर दोनदा बजावलं, तर मास्तरांनी तिलाच गप्प केलं.

पाच आठवडे रोज सकाळी ते तिचा पाय मांडीवर घेऊन मलम लावत. दुखतंय का विचारत. ती नाही म्हणे. दुखत नाही म्हणजे भरतंय, अशी या शहाण्या माणसानं समजूत करून घेतली. शुगरनं पाय बधिर झालाय, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. वर पापुद्रा चकचकीत आणि आत हाडापर्यंत सडलेलं.

इस्पितळात डॉक्टर म्हणाले, पाय गुडघ्याखालून काढावा लागेल. थोडं थांबलं तर, असं मास्तरांनी चाचरत विचारलं. महिन्यापूर्वी आणलं असतं तर पाय वाचला असता, असं उत्तर मिळालं. टाकी तापली तर निदान झडप फिरवता येते. इथे फिरवायला काहीच नव्हतं.

"हे मलम कोण लावत होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

मास्तरांच्या आधी बायको बोलली.

"मीच लावत होते. यांना दाखवलंच नाही मी. रागावले असते."

मास्तरांना खरं सांगायचं होतं, पण जीभ रेटेना. उलट क्षणभर सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचीच त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली. डॉक्टरांनी पुढे केलेल्या संमतीच्या कागदावर त्यांनी सही केली. ते सही करत होते तेव्हा बायकोनं चादर ओढून पाय झाकून घेतला, त्यांना तो दिसू नये म्हणून.