कमलचा आवाज आणि सोनाळ्याची मावशी

"ओपीडीत कोंबडी कोणी आणली?" डॉक्टरसाहेबांनी पडद्यातून डोकं आत घालून विचारलं.

"कोंबडी नाही सर, पेशंट आहे," मी म्हणाले.

पेशंटच्या खुर्चीत कमल बसली होती, घसा चोळत.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. चिखलीत कान-नाक-घशाच्या एका खासगी दवाखान्यात मी स्पीच थेरपिस्ट होते. म्हणजे लोकांच्या भाषेत, बोलणं दुरुस्त करणारी बाई. तोतरी मुलं यायची, घसा बसलेले मास्तर यायचे. कमलसारखी पेशंट पहिलीच. ती जन्मली तेव्हा घरच्यांनी मुलगा झाला म्हणून पेढे वाटले होते. ती मात्र कळत्या वयापासून स्वतःला मुलगीच म्हणायची. आता साडी नेसून बसस्टँडजवळच्या दुकानात बायकांची पोलकी शिवायची. हात फार सुबक. अडचण एकच.

"नवी बाई दुकानात येते," ती पहिल्या दिवशी म्हणाली. "म्या नुसतं 'या, बसा' म्हणलं का ती चपला घालते. पोलकं अंगाले नाही बसलं तर उसवता येते. आवाजाले काय करू?"

डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. "हा आजार आहे का?"

"नाही सर."

"मग उपचार कशाचा?"

"आवाजाचा."

"करा. फक्त बाकीचे पेशंट पळायला नकोत."

बाईचा आवाज म्हणजे बारीक आवाज, असं कमलला वाटायचं. मलाही वाटायचं. आम्ही पेटीवर वरचा सूर धरून बोलण्याचा सराव सुरू केला. तिचा घसा आवळायचा, आवाज फाटायचा, आणि 'बाही किती ठेवू?' हे वाक्य अंडं घातल्यासारखं बाहेर पडायचं. एकदा बाकावरच्या आजोबांनी कानाचं यंत्र काढून झटकलं. शेवटी कमलचा आवाज पार बसला. ती गिऱ्हाइकांशी खुणांनी बोलायला लागली. गिऱ्हाइकं आणखीच घाबरली.

मी सराव बंद केला. त्याच आठवड्यात पोरीच्या गळ्याचं काय चाललंय ते बघायला सोनाळ्याहून तिची मावशी आली.

"कमे, कुठी हायेस वं?" व्हरांड्यातून आवाज आला. रिकाम्या कोठीत ज्वारीचं पोतं आदळावं तसा.

कंपाउंडर पाठमोरा औषध घोटत होता. मान न वळवता म्हणाला, "मावशी, थांबा जराशा. आत पेशंट आहे."

मी बाहेर आले. "न बघता कसं कळलं, मावशी आहेत म्हणून?"

"बाईचा आवाज आहे, मॅडम. कळणार नाही का?"

मावशीला पेटीजवळ बसवलं. तिच्या बोलण्याचा सूर कमलच्या मूळ आवाजापेक्षाही खाली निघाला. कमल बघतच राहिली.

"काऊन वं मावशी, तुले कोणी भाऊ नाही म्हणत?"

"म्हणून तं पाहावं एखाद्यानं."

मग आम्ही मावशीचंच बोलणं धरलं. आवाज जाड की बारीक, ही एक गोष्ट. तो छातीत घुमवायचा की पुढे ओठांशी आणायचा, ही दुसरी. आणि वाक्याला चाल असते, ते सगळ्यांत महत्त्वाचं. मावशी एका वाक्यात चारदा चढायची, उतरायची, वर शेवटचा शब्द ताणून सोडायची. कमलने सूर थोडासाच उचलला. बाकी सगळं मावशीचं घेतलं. मावशी समोर बसून चुका काढायची.

"असं नाही. नवरा उशिरा घरी आला, तसं म्हण."

"मले नवरा कुठी आहे?"

"मंग माह्यावर ओरड."

कमल ओरडली. तेव्हापासून गाडी सुरळीत चालली.

दिवाळीच्या सुमारास डॉक्टरसाहेब लाल होऊन दवाखान्यात आले. "बायकोचं पोलकं घट्ट झालं म्हणून परत द्यायला गेलो. टेलरबाई पडद्यामागे कुणाचं तरी माप घेत होती. तिथूनच म्हणते, कापड तेवढंच आहे साहेब, वहिनी तेवढ्या नाही राह्यल्या."

"कोण टेलरबाई, सर?"

"बसस्टँडजवळची. काय तोंड आहे हो त्या बाईचं."

पेशंटची प्रगती नीट आहे, एवढंच मी मनात नोंदवलं.

पुढे आवाजासाठी कमलसारखं कुणी आलं की मी पेटी उघडायच्या आधी एकच विचारायचे. घरात कुठल्या बाईपुढे कुणाचं चालत नाही? तिला घेऊन या.