पीठ न पडणारी गिरणी

माझ्या बायकोच्या भाच्याइतका घोळ घालणारा माणूस औशापासून नांदेडपर्यंत दुसरा सापडायचा न्हाई. पन्नाशीला आला, नांदेडला कॉलेजात शिकवतो, अन् दर दुसऱ्या रविवारी लातूरला आमच्याकडं येऊन डोकं पिकवतो. मी जन्मभर पिठाची गिरणी चालवली; याचीही एक गिरणी हाय, पण कॉम्प्युटरमधी. डबे खोटे, गिऱ्हाईक खोटं, पीठ तर पडतच न्हाई. "मग दळतोस काय रे?" म्हणलं, तर म्हणतो, "मामा, पुढं काय घडणार त्याच्या चिठ्ठ्या करतो. कशा ठेवल्या म्हणजे पुढची चिठ्ठी झटकन हाती लागते, ते तपासायलोय."

मला काही उमजंना. मग त्यानं स्वयंपाकघरातच पसारा मांडला. 'दहाला डबा आला', 'सव्वादहाला दळण झालं', असल्या चिठ्ठ्या. आधी दोरीवर वेळेप्रमाणं ओळीनं अडकवल्या; नवी आली की पहिल्यापासून जागा हुडकत जायचं. मग उतरंडीसारख्या रचल्या, सगळ्यात लवकरची वर. हातात घड्याळ, चहा गार. मी आणखीनच गोंधळलो. बायको भाकरी थापता थापता म्हणाली, "अरं येड्या, भिंतीवर बघ की. ज्या दिवसाचं त्या चौकोनात. आजचा चौकोन बघायचा, बाकीचं कशाला चिवडायचं?" तिचं कॅलेंडर असंच. गॅस, दळण, माझ्या बीपीच्या गोळ्या, वर्षाचं सगळं संक्रांतीलाच लिहून मोकळी. भाचा तिच्या पायाच पडला. चिठ्ठ्या लई झाल्या की हीच पद्धत जिंकते म्हणं, मोठमोठ्या शिकलेल्यांनी काढलेली. "आत्याला कुणी शिकवली?"

मे महिन्यात ती गेली. कॅलेंडरचं पान तिथंच राहिलं. पुढच्या पानांवर तिचं अक्षर, मला उलटवंना.

जुलैतल्या एका रविवारी भाचा आला. "मामा, गोळ्या?"

"संपल्या. आठवडा झाला. पुढच्या पानावर लिहिल्या असतील."

तो पान उलटायला गेला. मी उखडलो. "तुझ्या गिरणीत माणूस गेलं, तर त्याच्या चिठ्ठ्या फाडतोस का?"

त्यानं हात मागं घेतला. "न्हाई मामा. खूण करून तिथंच ठेवतो. चिठ्ठीची वेळ आली की बघायचं, अन् पुढं सरकायचं."

दोन पानं मीच उलटली. त्या रविवारच्या चौकोनात लिहिलेलं, 'ह्यांच्या गोळ्या. भाच्याला धपाटे.'

गोळ्या त्यानं आणल्या. धपाटे आम्ही दोघांनी थापले अन् सगळे करपवले. त्याची गिरणी मला अजून कळली न्हाई. चौकोन तेवढा रोज सकाळी बघतो.