बोअरमधला मासा

जमिनीच्या वर काय चाललंय याच्याशी ज्याला काही देणंघेणं नाही, आणि जमिनीच्या खाली काय पडलंय या चिंतेनं ज्याच्या गळ्याखाली घास उतरत नाही, असा माणूस साऱ्या चंद्रपूर जिल्ह्यात एकच असेल, आणि तो दोन्ही वेळा माझ्या खानावळीत जेवायला यायचा. गडचांदुरात त्यांना सगळे तेलवाले भाऊ म्हणत. नाव ऐकून मला आधी वाटलं, यांचा तेलघाणा असणार. तशीच समजूत झालेली एक म्हातारी तर बाटली घेऊन खानावळीच्या दारात आली आणि भाऊंकडे जवसाचं तेल मागायला लागली. भाऊंनी तिला बसवलं, पाणी दिलं, आणि तेल जमिनीखाली कसं असतं, ते काढायला केवढं खोल भोक पाडतात, त्या भोकात अवजार तुटून अडकलं की कसा हाहाकार होतो, हे सगळं हातवारे करून सांगितलं. म्हातारीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग आज भेटते का उद्या येऊ?"

मी इकडची नव्हे. मी माणदेशातली. शाळा सातवीत सुटली, पुढं लग्न झालं, आमचे मालक सिमेंटच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून इकडं आले आणि त्यांच्या मागोमाग मी. माहेरी जायचं तर दोन गाड्या आणि एक एसटी बदलावी लागते, आणि तिन्ही चुकतील या भीतीनं मी फारशी जातच नाही. तसं पाहिलं तर काळजी करणं हाच माझा मूळ धंदा, खानावळ हा जोडधंदा. सिलेंडर संपेल का, दूध नासेल का, मालकांचा फोन लागत नाही म्हणजे घाटात काही झालं असेल का, आणि फोन लागला तर ते गाडी चालवताना का बोलतायत, असं माझं सकाळी उठल्यापासून सुरू होतं. अशा बाईला या परक्या मुलखात कुणी हसलं नाही, उलट "बाई, घाबरून राह्यली तरी भाकर चांगली करतेस" असं म्हणून पुढची भाकरी मागितली, ते हे भाऊ. एवढ्याचं सुद्धा मला त्या दिवसांत फार वाटलं होतं.

भाऊ मूळचे आलापल्लीच्याही पलीकडचे. बापाचा व्यवसाय तलावात जाळं टाकण्याचा. पहाटेच्या गारठ्यात कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचा भाऊंना इतका कंटाळा, की मिसरूड फुटायच्या आत ते घरातून पळाले ते थेट गुजरातेत, तेलाच्या विहिरींवर. तिथं भरतीच्या रांगेत साहेबानं विचारलं, "फिशिंग आती है क्या?" भाऊंना नवल वाटलं, पण खोटं कशाला बोलायचं म्हणून म्हणाले, "जी साहब, बापजादों से करते आये हैं." साहेब खूश झाला. दुसऱ्या दिवशी भाऊ कामावर गेले आणि तलाव कुठं आहे म्हणून विचारत बसले, तर लोकांनी त्यांना जेवणाच्या ताटापेक्षा लहान असं एक भोक दाखवलं. "म्या म्हटलं, एवढ्याशा भोकात कोणता मासा असंन?" हे सांगताना भाऊ अजूनही तेवढेच चकित होत. मग कळलं की त्या कामात विहिरीत तुटून पडलेल्या लोखंडालाच मासा म्हणतात, आणि ते वर काढणं म्हणजेच फिशिंग. बापाच्या मासेमारीतून पळालेल्या माणसानं जन्मभर लोखंडाची मासेमारी केली. तिथून परत आल्यावर इथं गडचांदुरात अवजारं घडवून देणारे लेथवाले भरपूर आणि आसपास बोअर त्याहून भरपूर, म्हणून ते इथंच राहिले. कोरपना, जिवती कुठंही बोअरमध्ये मोटर पडली की लोक भाऊंना गाडीवर मागं बसवून घेऊन जायचे.

त्यांची अवजारं एका पत्र्याच्या पेटीत असत आणि त्यांना नावं होती. एक नळकांडं होतं, ते पडलेल्या पाइपाच्या डोक्यावरून टोपीसारखं खाली जायचं आणि आतल्या दातांनी त्याला बाहेरून धरायचं. त्याचं नाव सासू. एकदा धरलं की ओढून सुटत नाही म्हणून. दुसरं होतं भाल्यासारखं, ते पाइपाच्या पोटात शिरायचं आणि आत गेल्यावर फुगायचं. तो जावई. भाऊ माणसांचीही अशीच विभागणी करत. खानावळीत नवा ड्रायव्हर आला की ते त्याला जेवताना न्याहाळायचे आणि मला हळूच सांगायचे, हा बाहेरून धरायचा, किंवा हा आतून. आमच्या मालकांना त्यांनी आतून धरायचं ठरवलं होतं. माझ्याबद्दल विचारलं तर म्हणाले, "तुले कसं धरू? तू तं एका जागी थांबतच नाई."

पण सगळ्यात मोठं अवजार म्हणजे साबण. कपड्याच्या साबणाची जाड वडी पाइपाच्या टोकाला बसवायची, ती बोअरमध्ये सोडायची, मासा लागला की हलकेच दाबायची आणि वर काढायची. वडीवर जो ठसा उमटतो त्यावरून मासा खाली कसा पडलाय ते ओळखायचं. त्यासाठी किराणा दुकानात जाऊन ते प्रत्येक वडी अंगठ्यानं दाबून बघत, आणि दुकानदार त्यांना येताना पाहून साबण आत नेऊन ठेवी. ही सवय इतकी अंगात मुरली होती, की माझ्या हात धुवायच्या नळाजवळची वडीसुद्धा ते उचलून चष्म्याजवळ न्यायचे आणि आज अंगठी घातलेलं कोण जेवून गेलं ते सांगायचे.

माझ्या दृष्टीनं त्यांची खरी गंमत ताटात होती. खाली मासा अडकलेला असेपर्यंत भाऊ वरचा मासा खात नसत. काम लागलं की वरण, भात, वांगी, एवढंच. मासा वर आला की त्याच दिवशी मरळ आणून माझ्यापुढं ठेवत. आमच्या माणदेशात मासा पाहायला मिळणं मुश्किल, त्यामुळं साफ कसा करायचा इथपासून मला त्यांनीच शिकवलं. पहिल्यांदा त्यांनी रश्श्यावर सांबार टाकायला सांगितलं, तेव्हा मी घाबरून विचारलं की भाऊ, माशावर इडलीचं सांबार? इकडं कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे मला तेव्हा कळलं. तर असं असल्यामुळं, गावात कुणाची मोटर निघाली आणि कुणाची अजून खालीच आहे, हे मला भाऊंनी न सांगता त्यांच्या ताटावरून समजायचं.

आणि एका मे महिन्यात त्यांना माझ्यामुळं वरणभातावर बसावं लागलं.

खानावळीच्या मागं जो बोअर होता त्याच्यावर माझं सगळं चाललं होतं. मोटर खोकायला लागली म्हणून दुरुस्तीसाठी वर काढायला पंपवाल्याला बोलावलं. साखळीनं एकेक पाइप वर येत होता, मी दारात उभी राहून काळजी करत होते, आणि एकदम आवाज होऊन साखळी हलकी झाली. पंपवाल्यानं आत वाकून पाहिलं आणि डोक्याची टोपी काढली. पाइप तुटून खालचे पाइप आणि मोटर आतच राहिले होते. घरमालक संध्याकाळी आले. नवीन बोअर मारायची त्यांची तयारी नव्हती. बोअर गेला तर जागा टायरवाल्याला देतो, म्हणाले, त्याला पंक्चर पाहायला एक टब पाणी पुरतं. मी त्यांना चहा दिला आणि आत जाऊन पदर तोंडात धरून उभी राहिले. मालक ट्रक घेऊन बाहेरगावी, माहेर तिकडं लांब, आणि मला भाकऱ्यांशिवाय दुसरं काही येत नाही.

भाऊ आले, त्यांनी आधी सगळ्यांना गप्प केलं आणि मला विचारलं, आवाज कसा झाला? मी म्हटलं, टण्ण. "टण्ण का टप्प?" मी म्हटलं टण्णच. पण ते पेटी उघडायला वळल्यावर मला वाटायला लागलं की टप्प झालं होतं, आणि माझ्या चुकीच्या उत्तरानं बोअर हातचा जाणार. मी मागं जाऊन सांगितलं, भाऊ, टप्पही असेल. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि साबण मागितला.

वडी वर आली तेव्हा तिच्यावर पूर्ण गोल उमटलाच नव्हता, नुसती चंद्रकोर होती. "तोंड फिरवून बसला हाय," भाऊ म्हणाले. इकडचा दगड चुन्याचा, आत पोकळ्या असतात, आणि तुटलेला पाइप एका पोकळीत कलंडला होता. सासू खाली गेली की त्याच्या बाजूनं निघून जायची. मग भाऊंनी त्याला सरळ करायला लेथवर एक वाकडं पातं करून आणलं, ते बसेना, दुसरं करून आणलं. इकडं माझं टँकरच्या पाण्यावर कसंबसं चाललं होतं. ड्रायव्हर हळूहळू पलीकडच्या ढाब्यावर जायला लागले. टायरवाला तर टेप घेऊन आला आणि मी चुलीपाशी असतानाच माझं स्वयंपाकघर मोजून गेला. मला म्हणाला, ताई, जरा पाय बाजूला घ्या. भाऊ मात्र रोज वरणभात खात होते आणि वाळत होते, त्यामुळं मला त्यांच्या तब्येतीचीही एक नवीन काळजी लागली.

शेवटी एका सकाळी त्या पात्यानं पाइप सरळ झाला आणि सासूनं धरलं. मालक घरी होते, ते साखळी ओढायला उभे राहिले. साखळी ताणली, पाइप वीतभर वर आला, पुन्हा वीतभर आला. मी मनात गूळसुद्धा वाटायला घेतला. तेवढ्यात बोअरमधून दगड घासल्यासारखी घरघर ऐकू आली आणि मागोमाग खडे पाण्यात पडल्याचा आवाज. भाऊंनी हात वर केला. साखळी थांबली. त्यांनी पाइपाला कान लावला, बराच वेळ लावला, मग बादली उलटी करून तिच्यावर बसले.

म्हणाले, बोअरची भिंत कुजलेली आहे. मासा हलला की भिंत बरोबर घेऊन येतो. ओढला तर कदाचित निघेल, कदाचित सगळा बोअर ढासळून बुजेल. माशाच्या वर पाणी उभं आहे, त्याच्यात लहान मोटर सोडली तर थोडं थोडं पाणी मिळत राहील. पण मग मासा कायमचा खाली.

"सांग बाई. ओढू का सोडू?"

मी मालकांकडं पाहिलं. मालक साखळीकडं पाहत होते. मी म्हटलं, भाऊ, तुम्ही म्हणाल तसं.

"मले पुसू नोको," भाऊ म्हणाले. "मी ओढाच म्हणीन. आजवर माह्या हातचा एक बी मासा खाली राह्यला नाई, मले तेवढंच दिसते. पाणी तुवं हाय. म्हणून तं तुले पुसून राह्यलो."

मी वरणात मीठ घातलं की नाही हे तीनदा चाखून पाहणारी बाई. आयुष्यात मला कुणी विचारलं नव्हतं, शाळा सोडताना नाही आणि इकडं येतानाही नाही. मी सोडा म्हटलं ते इतकं बारीक निघालं, की भाऊंनी काय म्हणून विचारलं.

"सोडा, भाऊ."

सासू ओढून सुटत नाही, पण फिरवली तर सुटते. भाऊ उठले आणि दोन्ही हातांनी पाइप सावकाश फिरवत राहिले, झोपलेल्या माणसाच्या मानेखालून हात काढावा तसे. खाली कुठंतरी ती सुटली आणि पाइप हलका झाला. मग ते टँकरच्या पाण्याच्या पिंपाशी जाऊन खूप वेळ हात धूत बसले. मला वाटलं, हा माणूस आता माझ्या खानावळीची पायरी चढणार नाही.

लहान मोटर बसली. पाणी आलं, बारीक आलं, थोड्या वेळानं थांबलं, बोअर भरला तसं पुन्हा आलं. खानावळ राहिली. टायरवाल्याला पुढच्या चौकात जागा मिळाली. दुसऱ्या दिवशी भाऊ जेवायला आले तेव्हा भीतभीत मी त्यांच्यापुढं वरणभात ठेवला. त्यांनी ताटाकडं पाहिलं. "काऊन बाई, बाजारात मरळ नाई भेटली?" मी म्हटलं, पण भाऊ, तो तर खालीच आहे. तर म्हणाले, "त्याले मी सोडलं न. आता उपास धरून त्याच्यावर ओझं काऊन टाकू?"

त्यानंतर त्यांच्यात एकच बदल झाला. लोक कौतुकानं म्हणायचे, भाऊंच्या हातचा मासा कधी राहत नाही. तेव्हा ते मध्येच थांबवून सांगत, एक हाय, या बाईच्या इथी. हे अशा आवाजात सांगत, की नव्या माणसाला वाटावं, त्यांचं कुणी नातेवाईक माझ्याकडं राहायला आहे.

आता भाऊंना नीट दिसत नाही. लेकीनं त्यांना आलापल्लीला नेलं. अंगणाच्या टोकाला उभं राहिलं तरच तिथं रेंज येते. आठवड्यातून एकदा त्यांचा फोन येतो. ते माझं विचारत नाहीत, मालकांचं विचारत नाहीत, पहिलं विचारतात, तो कसा हाय. मग मी फोन घेऊन मागं जाते, मोटर चालू करते आणि फोन पाइपाला टेकवून धरते. पाणी वर चढायला वेळ लागतो. तेवढ्यात माझा जीव अजूनही अर्धा होतो, आज आलंच नाही तर, भिंत ढासळली असली तर. पाइप आधी थरथरतो, मग हाताला गार लागतो, आणि मग आतून पाणी चालल्याचा आवाज येतो. तिकडून भाऊंच्या अंगणातल्या सागाच्या पानांची सळसळ तेवढी ऐकू येते. मग ते म्हणतात, "आलं. भरून घे बाई आता, मी ठेवून राह्यलो."

पण ठेवत नाहीत. आणि मीही फोन तसाच धरून उभी राहते, पाणी थांबेपर्यंत.