वर्नाबाईंचं 'हो नाही, नाही नाही'

"सूपमध्ये मीठ बरोबर आहे का गं?" असं नवऱ्याने विचारलं, तर वर्नाबाई हॉपवुड म्हणायच्या, "आहे असंही म्हणत नाही, नाही असंही म्हणत नाही." नवरा बिचारा निमूटपणे मीठदाणी ओढून घ्यायचा.

बाई तरी काय करणार! वॉशिंग्टनजवळच्या एका गुप्तचर खात्यात सगळा जन्म गेलेला. बाहेर जाणाऱ्या कागदांवरच्या गुप्त ओळी शाईने काळ्या करायच्या, हे काम. तिथला पहिला धडा असा, की बाहेरच्याने काही विचारलं तर 'हो' म्हणायचं नाही आणि 'नाही' तर मुळीच म्हणायचं नाही. आज 'नाही' म्हणालात आणि उद्या गप्प बसलात, तर ते गप्प बसणंच 'हो' झालं की! हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की वाढदिवसाचा केक कसला आणलाय ते घरच्यांना कापल्यावरच कळायचं.

इथवर सगळं हसण्यावारी गेलं. मग महासाथ आली आणि धाकट्या बहिणीचा, मार्जीचा नवरा अर्ल त्या साथीत गेला. दफनाहून परतताना मार्जीने गाडीतच विचारलं, "खरं सांग वर्ना. हा रोग येतोय, कुठून येतोय, हे तुला आधीच माहीत होतं ना?"

आणि वर्नाबाईंच्या तोंडून, जळलं मेलं ते तोंड, सवयीने निघून गेलं, "मी हो म्हणू शकत नाही, आणि नाहीही."

अहो, त्यांच्या टेबलावर रोगाबद्दलचा एकही कागद आला नव्हता! त्या कुठल्या तरी जुन्या पाणबुड्यांच्या फायली काळ्या करत बसल्या होत्या. पण मार्जीने त्याचा अर्थ 'हो' असाच घेतला. बोलणं बंद, थँक्सगिव्हिंगच्या सणाचं दरवर्षीचं एकत्र जेवणही बंद.

पुढे काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, विधेयक आलं. रोगाचा उगम कुठला, याबद्दल सरकारने दडवून ठेवलेलं सगळं खुलं करा म्हणे. वर्नाबाईंचा जीव भांड्यात पडला. "आता कागद बाहेर येतील आणि मार्जीला कळेल," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"काय कळेल कपाळ?" नवरा पेपरातून डोकं न काढता म्हणाला. "तुला काही माहीत नव्हतं, हे कुठल्या कागदात लिहिलेलं असणार? आणि तुम्ही लोक निम्म्या ओळी काळ्या करणार ते वेगळंच."

बाईंना त्या रात्री झोप लागली नाही. विधेयकावरच्या मतदानाच्या दिवशी त्या पीचची फळं भरून भाजलेला गोड 'पाय' डब्यात घेऊन थेट मार्जीच्या दारात उभ्या राहिल्या. आत टीव्हीवर मतमोजणी चालली होती.

"नाही," वर्नाबाई उंबऱ्यातूनच म्हणाल्या.

"काय नाही?"

"मला माहीत नव्हतं, मार्जी. काहीच नव्हतं. असतं तर नोकरी गेली खड्ड्यात, अर्लला मी घरात कोंडून ठेवलं असतं."

मार्जीने हातातलं फडकं बहिणीच्या अंगावर भिरकावलं. "मग तेव्हा का नाही बोललीस गं, भवाने? मी इतकी वर्षं तुला शिव्या घालतेय!"

"घाल अजून."

मार्जी रडत रडतच डबा उघडायला लागली आणि थबकली. पायचा एक तुकडा गायब होता.

"हा तू खाल्लास?"

बाईंची जीभ जुन्या वळणावर निघालीच होती. त्यांनी ती आवरली.

"हो. बाहेर गाडीत बसून. फार भीती वाटत होती गं."

मार्जीने टीव्ही बंद केला आणि दोन बश्या काढल्या.