सातव्या कटमधली लाथ

देलमार तेचेरा आमच्या प्रयोगशाळेत आला त्या दिवशी मी उठून खिडकी उघडली. बिचारा अंघोळ करून, भांग पाडून, इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. पण मोंतेविदेओच्या सेर्रो भागातल्या कत्तलखान्यात चौतीस वर्षं काढली की चरबीचा आणि क्लोरीनचा वास कातडीत मुरतो. तो साबणाला दाद देत नाही.

त्याने मला उठताना पाहिलं. "दुसरीही उघडा, बाई," तो म्हणाला. "माझी बायको दोन्ही उघडते."

मानसशास्त्राची पदवी घेऊन मी अकरा वर्षं लोकांच्या डोक्यावर टोप्या चढवते आहे. टोपीला बत्तीस छिद्रं असतात. प्रत्येकातून पिचकारीने गार, शेंबडासारखा जेल थेट टाळूपर्यंत सोडायचा, म्हणजे मेंदूतले तरंग यंत्राला कळतात. त्यावर व्हीआरचा चष्मा. चष्म्याचा स्पंज आधीच्या माणसाच्या घामाने ओला असतो. आम्ही पुसतो, तरी ओलाच.

देलमारने मानेवरून ओघळलेला जेल बोटावर घेऊन हुंगला. "आमच्याकडे हे आतड्यातून निघतं," तो म्हणाला. "पण आम्ही ते धुऊन टाकतो. डोक्याला चोपडत नाही."

तेव्हा दिसलं, त्याच्या उजव्या हाताला करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नव्हतं.

डॉक्टर इरिगोयेन यांचा प्रयोग कटवर होता. चित्रपट एका दृश्यावरून दुसऱ्यावर उडी मारतो, त्या क्षणी पाहणाऱ्याचा मेंदू दचकतो, पापण्या लवायच्या थांबतात, मग माणूस नव्या जागी रुळतो. साध्या पडद्यावर हे चटकन होतं. चष्म्यात मात्र चित्र चारी बाजूंना असतं. माणूस भलतीकडे पाहत असला तर कटनंतर तो हरवतो, त्याला मळमळतं. हे मोजायला कत्तलखान्याने आपलाच एक चित्रपट दिला होता, नव्या कामगारांना शिकवण्यासाठी केलेला. पाहणारे दोन प्रकारचे : चित्रपट शिकणारी अकरा मुलं आणि कत्तलखान्यातली अकरा जुनी माणसं. देलमार त्यांतला शेवटचा.

हाच चित्रपट पाहून माझी मुलगी नोएलिया सोमवारी तिथे कामाला उभी राहणार होती. विद्यापीठ दुसऱ्या वर्षी सोडलं आणि मला न विचारता अर्ज केला. मारलेल्या बैलाच्या पायात साखळी अडकवायच्या कामावर या वेळी पहिल्यांदाच मुली घेतल्या. शिकवणी म्हणजे दोन दिवस तो चष्मा. "वाटलं होतं तितकं घाण नाहीये, आई," असं सांगत ती घरी आली, आणि मला ते खरं वाटलं होतं.

टोपी चढवताना देलमार बोलत होता. सोळाव्या वर्षी तो आतडी ओढायच्या टेबलावर लागला. पहिला महिना रोज दुपारी ओकायचा. "पुढे त्याच टेबलाच्या कडेला उभा राहून पाव खायला लागलो. किळस म्हणजे आगंतुक कुत्रं, बाई. खायला घातलं नाही की निघून जातं."

सहा कट तो शांत बसला. सातव्याला त्याने अंग मागे टाकलं, खुर्ची आडवी झाली, तारा ताणल्या. चष्मा उपसून तो कचऱ्याच्या डब्याकडे धावला. डबा मी धरला. दुपारचं मांस, येर्बाचा हिरवा चहा, सगळं बाहेर आलं. थोडं माझ्या बुटांवर.

काचेपलीकडून इरिगोयेन म्हणाले, "सुंदर. अकरापैकी अकरा, सगळे सातव्यालाच."

ओकारी मी पुसू शकते. त्या 'सुंदर'ची मात्र मला शिसारी आली.

"चित्रपट शिकणारी मुलं या कटला आरामात असतात," ते आलेख दाखवत म्हणाले. "या लोकांना चित्रपटाची भाषा कळत नाही. न शिकलेला डोळा."

देलमार चूळ भरत होता. त्याने ऐकलं. "ते मला पुन्हा दाखवा. चष्म्यात नको, टीव्हीवर."

मी लावलं. बैल पेटीत उभा. कपाळावर बंदुकीचा खिळा बसतो, बैल कोसळतो. कट. बैल साखळीला लटकलेला, स्वच्छ, संथ झुलणारा.

"लाथ कुठे गेली?" देलमारने विचारलं.

"कसली लाथ?"

"मेलेल्या बैलाची. तो मरतो, त्याचा मागचा पाय मरत नाही. तुम्ही साखळी अडकवायला वाकलात की तो झाडतो." त्याने तीन बोटांचा हात पडद्याला लावला. "माझी दोन बोटं इथे आहेत, या तुमच्या कटमध्ये. मी त्या पायाची वाट बघत होतो. पाय आलाच नाही, आणि बैल एकदम वर. म्हणून ओकलो."

मी चित्रपटाच्या संकलकाला फोन केला. कोवळा, गोड आवाज. "रक्त ठेवलंय थोडं," तो म्हणाला. "पण ते झाडणं फारच ओंगळ दिसत होतं. मालक म्हणाले, नवी मुलं पहिल्याच दिवशी पळतील."

इरिगोयेन यांना सांगितलं, तर म्हणाले, "आपला विषय कट आहे, लाथ नाही."

"अकराच्या अकरा जण एकाच जागी चुकतात?"

"म्हणून तर निष्कर्ष भक्कम आहे."

देलमारच्या केसांतला जेल धुताना मी त्याला नोएलियाचं सांगितलं. त्याने टॉवेलने डोकं पुसलं आणि म्हणाला, "पत्ता द्या."

शनिवारी तो आला, काखेत गरम पाण्याचा थर्मास. त्याच्याआधी त्याचा वास स्वयंपाकघरात शिरला. या वेळी खिडकी त्यानेच उघडली. आमच्या कुत्र्याची साखळी मागून घेतली आणि मी सकाळीच पुसलेल्या फरशीवर बुटांसकट कुशीवर आडवा झाला.

"मी बैल. मेलोय. अडकव."

नोएलिया हसत त्याच्या पोटाच्या बाजूने वाकली. त्याने नडगीवर लाथ घातली. हळू नाही. तिने अशी शिवी हासडली, जी तिला येते हेच मला ठाऊक नव्हतं.

"मेलेल्याला शिव्या देऊ नये," बैल म्हणाला. "पुन्हा."

पुन्हा. आणि पुन्हा. पाचव्या वेळी लाथ कपाटाच्या दारावर बसली. तो घामाने निथळत होता, फरशीवर थुंकी, बुटांचा चिखल.

"चित्रपटात असलं काही नव्हतं," ती नडगी चोळत म्हणाली.

"चित्रपटात तू उभी कुठे होतीस?"

"कुठेच नाही. तरंगत होते."

"हां. कॅमेऱ्याला नडगी नसते."

आठव्या वेळी ती त्याच्या पाठीकडून गेली. पाय दोनदा झाडला, ती थांबली. पाय निपचित पडला, तिने हात पुढे केला, आणि त्याने तिसरी हाणली. पण ती लाथ हवेत गेली. मग तिने साखळी अडकवली.

"थांबल्यासारखं करतो हरामखोर, आणि मग देतो," देलमार उठत म्हणाला. मला त्याला हात द्यावा लागला. हाताला त्याचा घाम लागला, तो मी ओट्याजवळ जाऊन धुतला. त्याने तेही पाहिलं.

आज रविवार. ती उद्या पहाटे चारला उठेल. तिच्या नडग्यांना मलम लावलंय. प्रयोगाच्या अहवालाच्या शेवटच्या पानावर माझी सही लागते. 'न शिकलेला डोळा' तिथे तसाच आहे आणि सहीची जागा कोरी आहे. कपाटावर टाचेचा काळा डाग आहे. दोनदा फडकं घेतलं आणि दोनदा परत ठेवलं.

झोपायला जाताना नोएलियाने विचारलं, "बैल उलट्या कुशीवर पडला तर?"

मी देलमारला फोन लावला.

"पोट असेल तिकडे पाय," तो म्हणाला. "पाठ असेल तिकडे ती. आता मला झोपू द्या, बाई. तिच्या शेजारच्या साखळीवर उद्या मीच आहे."