कालव्यावरून येणारा ठोका

आवाजाचा वेग मी नववीच्या मुलींना मैदानात शिकवते. शिपाई तुकाराममामा शाळेची पितळी थाळी घेऊन कालव्याच्या बांधावर जातात, आमच्यापासून मोजून तीनशे चाळीस मीटरवर. त्यांचा हात खाली आलेला दिसला की स्टॉपवॉच सुरू करायचं, ठोका ऐकू आला की बंद करायचं. साधारण एक सेकंद लागतो.

काल मामांचा हात खाली आला आणि मी वाट पाहत राहिले. शेजारच्या मुलींचे अंगठे दाबले गेले, ते पाहून मी माझा दाबला.

"बाई, तुमचे दोन सेकंद?" सानिका हसली. "तुमच्याकडे आवाज चालत आला काय?"

"वारा आहे," मी म्हणाले. बांधावरचं गवतही हलत नव्हतं.

गेले काही महिने मी अशीच कारणं देते आहे. फोन बिघडलाय, घरातले तोंडातल्या तोंडात बोलतात, कुकरची शिट्टी अडकते. जे मोजता येतं त्याला घाबरायचं नाही, असं मुलींना सांगत आले. आता मलाच माझं ऐकणं मोजून घ्यायचं नाही. मागच्या बाकावरची शंका ऐकू आली नाही तर मी शिकवणार काय?

मी हात वर करून मामांना पुन्हा ठोका द्यायची खूण केली आणि मुलींचे अंगठे दिसू नयेत म्हणून डोळे घट्ट मिटले.

"बाई, वाजलं की!" सानिका माझा दंड हलवत म्हणाली.

डोळे न उघडताच मी पुन्हा हात वर केला.